काळ्या पाकिटातले किरण

चष्म्याच्या दुकानावरून वर जाणारा जिना तसा अरुंदच. पण मंगळवारी सकाळी साडेनऊला त्याच्या एकेका पायरीवर दोन-दोन माणसं दाटीवाटीने बसली होती आणि प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे एक काळं पाकीट बांधलेलं होतं. कुणाच्या गळ्याला, कुणाच्या काखेत, कुणाच्या पोटावर. एका शिंप्याने तर ते जबड्याखाली धरून वरून रुमालाची गाठ डोक्यावर मारली होती, अक्कलदाढ दुखणाऱ्यासारखी. सगळे हळू आवाजात बोलत होते आणि सगळे एकच बोलत होते: डाग केवढा होता आणि केवढा उरला. शिंप्याचा लिंबाएवढा होता, तो आता बटणाएवढा झाला होता. वरच्या पायरीवरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा तर मिरीएवढाच उरला होता. त्या तो सगळ्यांना दाखवत होत्या, मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा.

जिन्याच्या मध्यावर कठडा धरून थोरली उभी होती. तिचा उजवा गुडघा पंधरा दिवस प्लास्टरमध्ये होता, तो परवा सुटला. त्या पंधरा दिवसांत आपल्या पाठीमागे काय घडलं ते तिला काल कळलं आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारी तिची धाकटी बहीण बसली होती. गळ्याला पाकीट, मांडीवर पाण्याची बाटली, आणि चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी आलेलं समाधान. त्या समाधानाचीच थोरलीला जास्त धास्ती वाटत होती.

धाकटीने एकतीस वर्षं बसआगारात गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. तिच्या आवाजावर लोक घड्याळं लावत. मग गिळताना टोचायला लागलं, मानेच्या डाव्या बाजूला गाठ लागली आणि दवाखान्याने किरणांचे पस्तीस शेक ठरवून दिले. आठवड्यातले पाच दिवस मशीनखाली झोपायचं. थोरली तिला रोज नेऊन आणत होती. पंधरा शेक झाले आणि थोरली आपल्याच न्हाणीघरात पाय घसरून पडली. मग काम आलं भावजींकडे, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याकडे. त्यांनी दोन दिवस इमानेइतबारे नेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मान चाचपली आणि घाईघाईत म्हणाल्या, की काही गाठी किरणांना लवकर दाद देत नाहीत, बघू या. एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. धाकटीचा घसा आतून सोलवटलेला, पाण्याचा घोट उतरत नव्हता, आवाज बसून नुसता वारा उरला होता. एवढं सोसूनही गाठ दाद देत नाही म्हटल्यावर ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. आणि त्याच आठवड्यात कुणीतरी भावजींना चष्म्याच्या दुकानावरच्या किरणकाकांचा पत्ता दिला.

त्या दिवसापासून नऊ शेक चुकले होते. थोरलीने ते बोटांवर तीनदा मोजले होते.

आत एका वेळी बाराच माणसांना सोडत. खिडक्यांना जाड पडदे, वर एक लाल दिवा, भिंतीशी लांबट टेबल आणि टेबलावर तीन पसरट ट्रे. किरणकाकांना ना दाढी होती ना झगा. पांढरा कोट, खिशात दोन पेनं, आणि आवाज असा मऊ की ऐकायला माणसाने पुढे वाकावं. पांढरा उजेड साचलेल्या किरणांना भडकवतो म्हणून लाल दिवा, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मग रोजचं प्रवचन झालं.

"भिंतीवर चेंडू मारला तर तो परत येतो," ते म्हणाले. "मशीनने तुमच्यात किरण मारले. ते परत आलेले कुणी पाहिले? नाही ना? मग गेले कुठे? आतच साचले. साचलेलं पाणी कुजतं, तसे साचलेले किरणही कुजतात. गाठ रोगाने टणक झालेली नाही. ती किरण पिऊन टणक झालीय. आणि तिला अजून किरण पाजायला तुम्ही रोज दवाखान्यात जाता."

बारा माना हलल्या. कुजलेले किरण! थोरलीला वाटलं, उद्या हा माणूस शिळा उजेडही विकेल.

किरणकाकांनी धाकटीच्या गळ्याचं पाकीट सोडलं, आतून तळहाताएवढा पांढरा कागद काढला आणि दोन्ही बाजू सगळ्यांना दाखवल्या. कोरा. मग तो पहिल्या ट्रेमधल्या 'शोषकजला'त सोडला आणि ट्रेचा एक कोपरा बोटाने उचलून हलके हलवायला लागले. दहा सेकंद, वीस सेकंद. कागदाच्या मधोमध एक करडी छाया उमटली, गडद झाली, काळी झाली. गोल डाग. मागच्या खेपेपेक्षा लहान. धाकटीने ओठांवर हात घेतला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

थोरली मात्र डागाकडे बघतच नव्हती. ती बघत होती ट्रे हलवणाऱ्या बोटाकडे. कोपरा उचलायचा, सोडायचा, उचलायचा, सोडायचा. आणि नाकात शिरत होता तो वास, तिखट, ओला, धातूची चव जिभेवर आणणारा. बत्तीस वर्षं हा वास तिच्या नखांतून गेला नव्हता. चौकातल्या घड्याळाखालच्या फोटो स्टुडिओत ती डार्करूममध्ये कामाला लागली तेव्हा दोन वेण्या घालायची, आणि स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. या शहरातली निम्मी लग्नं आणि बहुतेक सगळी बाळं तिने लाल दिव्याखाली अशीच पाण्यातून वर येताना पाहिली होती. कोऱ्या कागदावर काही उमटायला लागलं की माणूस श्वास धरतो. तिने बत्तीस वर्षं धरला होता. या लबाडाने नेमका तोच श्वास चोरला होता.

ती पुढे झाली आणि म्हणाली की आपल्यालाही बघायचंय. किरणकाकांनी आनंदाने ढिगातलं एक पाकीट तिच्या मानेला लावलं. नव्या माणसाला दहाच मिनिटं पुरतात म्हणाले. दहा मिनिटांनी कागद ट्रेमध्ये गेला आणि त्यावर चांगला लिंबाएवढा डाग उमटला.

"मी जन्मात कधी शेक घेतलेला नाही," थोरली मोठ्याने म्हणाली. "मग माझ्यात हे किरण आले कुठून?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिला वाटलं, जिंकलं. पण किरणकाकांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. त्यांनी विचारलं, "बहिणीच्या शेजारी रोज बसता ना? हात धरता? तिचं ताट-वाटी तुम्हीच उचलता?" आणि तिच्या उत्तराची वाट न बघता बाकीच्यांकडे वळले. "बघा. एकातून दुसऱ्यात कसे झिरपतात ते. बाई वेळेवर आल्या म्हणून बरं."

शिंप्याने आपलं स्टूल वीतभर मागे घेतलं. खाली उतरताना थोरलीने सवयीने बहिणीचा हात धरायला हात पुढे केला, तर धाकटीने आपला हात पदरात लपवला.

"नको ताई," ती त्या वारा भरलेल्या आवाजात म्हणाली. "माझ्यामुळे तुलाही झालं. आता काही दिवस येऊ नकोस माझ्याकडे."

थोरलीला आयुष्यात कुणी इतकं प्रेमाने घराबाहेर काढलं नव्हतं. तिने तिला समजावलं, फोटोच्या कागदाचं सांगितलं, वासाचं सांगितलं. धाकटीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. तू मला पुन्हा त्या मशीनखाली ढकलायला काहीही सांगशील, असं तिचं म्हणणं. डाग तिने स्वतःच्या डोळ्यांनी लहान होताना पाहिला होता. दवाखान्यात तिला कुणी काय दाखवलं होतं?

 या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोरली तशीच लंगडत दवाखान्यात गेली.

किरणोपचार विभागाच्या बाकावर ती दीड तास बसली, उठली, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आली, पुन्हा बसली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात न प्यायलेला चहा होता. थोरलीने वाट अडवली आणि सरळ विचारलं, की गाठ दाद देत नाही म्हणजे काय ते मला समजेल असं सांगा, नाहीतर ते समजावून सांगणारा दुसरा एक माणूस चष्म्याच्या दुकानावर बसलाय.

सगळी हकिगत ऐकल्यावर बाईंनी चहा खिडकीत ठेवला. तारखांच्या कार्डाच्या मागे पेनाने एक गोल काढला आणि सांगायला लागल्या. किरण गाठीत शिरतात आणि तिथल्या पेशींच्या आत जो धागा असतो, ज्याच्यावर त्या पेशींचं सगळं जगणं-वाढणं लिहिलेलं असतं, तो तोडतात. पण नुसता तोडून भागत नाही. तुटल्या जागी ऑक्सिजन असेल तर तो घाव पक्का होतो, पेशीला तो सांधता येत नाही आणि ती पुढे मरते. गाठ मोठी झाली की तिच्या मध्यापर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही. तिथे ऑक्सिजन कमी. तिथे किरण पोचतात, घावही होतो, पण तो कच्चा राहतो. बाईंनी गोलाच्या मधोमध पेनाने गिरवलं.

थोरली त्या गिरवलेल्या भागाकडे बघत राहिली. "म्हणजे चित्र उमटलं, पण पक्क्या पाण्यात धुतलं नाही," ती हळूच म्हणाली. "आम्ही डार्करूममध्ये दुसऱ्या ट्रेमध्ये घातल्याशिवाय फोटो टिकत नसे. उमटलेलं सगळं वाया जायचं."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच नीट तिच्याकडे बघितलं. मग सांगितलं की कारण हे एकच नाही. काही पेशी जात्याच दुरुस्तीत पटाईत असतात, तुटलेला धागा भराभर जोडतात. कुणाची गाठ कशामुळे चिवट हे दर वेळी आम्हालाही नेमकं सांगता येत नाही. पण एक गोष्ट पक्की माहीत आहे. मध्ये खंड पडला की मेलेल्यांच्या जागी उरलेल्या पेशी वाढायला लागतात, आणि अशा वेळी त्या आधीपेक्षा जोरात वाढतात. गाठ चिवट असो वा नसो, खंड तिला आणखी चिवट करतो.

"किती खंड चालतो?"

"एकही दिवस चालत नाही. पडलाच तर एकेक दिवस मोजून भरून काढावा लागतो."

थोरलीने बोटं मुडपली. आजचा धरून दहा. मग तिने आणखी एक विचारलं, खालच्या आवाजात, कारण विचारायची लाज वाटत होती: किरण अंगात साचतात का, दुसऱ्याला लागतात का?

"खोलीतला दिवा बंद केल्यावर उजेड कोपऱ्यात साचून राहतो का?" बाई म्हणाल्या. "तिला बाहेरून शेक दिलाय. मशीन बंद झालं की संपलं, अंगात काही उरत नाही. तुम्ही तिला खुशाल मिठी मारा." मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी घाईत होते. एक वाक्य टाकून निघून गेले. पुढची दहा वाक्यं त्या माणसाने भरली. चूक माझीही आहे. शुक्रवारी दुपारी अडीचला मशीन मोकळं ठेवते. राहिलेले काही शेक दिवसातून दोनदा देऊ, मध्ये सहा तास ठेवून. रक्त कमी आहे का बघू, शेकाला जोड म्हणून दर आठवड्याचं औषध सुरू करू. मात्र खात्री मागू नका. खात्री तो देतो, मी देत नाही."

शुक्रवार. किरणकाकांची पुढची बैठकही शुक्रवारीच होती, सकाळी.

बुधवारी थोरली बहिणीच्या दाराशी उभी राहिली तेव्हा भावजींनी दार अर्धंच उघडलं. बिचारे ओशाळलेले होते. आत या म्हणवत नव्हतं आणि जा म्हणवत नव्हतं. थोरलीने आत जायचा आग्रह धरला नाही. तिने पिशवीतून आपला डागाचा कागद काढला आणि धाकटीचा पहिला कागद मागितला. धाकटी तो उशीखाली ठेवून झोपायची. ती आंघोळीला गेल्यावर भावजींनी तो आणला. दोन्ही कागद तिने दाराच्या चौकटीवर शेजारी शेजारी धरले.

"या दोघींचे गळे वेगळे," ती म्हणाली. "एकीच्या गळ्यात रोग, दुसरीच्या गळ्यात नुसती बडबड. आता हे दोन डाग बघा. तुमचे हात आयुष्यभर आगाराच्या वर्कशॉपमध्ये गेले, तुम्हाला माझ्याहून आधी दिसेल."

भावजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांशी नेले. दोन्ही डाग एका मापाचे, आणि दोन्हींच्या कडेला, उजवीकडे वर, एक बारीक खाच. जणू उंदराने एकच दात लावावा. भावजींनी अंगठ्याचं नख त्या खाचेवर फिरवलं, एकदा इथे, एकदा तिथे. चाळीस वर्षं त्यांनी इंजिनाच्या सांध्यांत बसणारी गास्किटं कापली होती.

"भोक पाडायच्या पंचाची धार मोडलीय," ते शेवटी म्हणाले. आवाज एकदम खाली गेला होता. "पुठ्ठ्याला गोल भोक पाडलंय, आणि पंचाच्या धारेचा एक टवका उडालाय. जितकी भोकं पाडेल तितक्यांना ही खाच येणार." मग दाराच्या कडीशी चाळा करू लागले. "ताई, मीच नेलं हो तिला."

थोरली म्हणाली, की रडायचं असेल तर शनिवारी रडा, आत्ता वेळ नाही. लबाडी कशी चालते ते तिने सांगितलं. कोऱ्या कागदावर आधीच, भोकाच्या पुठ्ठ्यातून, क्षणभर उजेड पाडून ठेवायचा. कागद पांढराच दिसतो. त्या 'शोषकजला'त बुडवला की उजेड लागलेली जागा काळी होते. पुढच्या खेपेला लहान भोकाचा पुठ्ठा. रोगी काय, खांब उभा केला तरी त्याच्यातूनही डाग निघेल.

धाकटी आंघोळीहून येताच भावजींनी आत जाऊन तिला हे सांगून पाहिलं. धाकटीने दोन्ही कानांवर हात ठेवले. माणूस बुडताना धरलेली फळी कुणी हिसकावायला लागलं तर तो फळी आणखी घट्ट धरतो, त्याला दोष देऊन चालत नाही. तिचा विश्वास ना नवऱ्यावर होता ना बहिणीवर. तो त्या ट्रेवर होता. मग ट्रेलाच बोलायला लावणं भाग होतं.

गुरुवारी थोरलीने पेटी उपसली. स्टुडिओ बंद होताना मालकाने दिलेला फोटोच्या कागदांचा एक पत्र्याचा डबा तळाशी होता, वीस वर्षं न उघडलेला. निगेटिव्हच्या पाकिटांतून तिने हवी ती शोधली. जुन्या मोठ्या कॅमेऱ्याची, तळहाताएवढी. आगाराला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तिनेच काढलेला फोटो: बावीस वर्षांची धाकटी, दोन वेण्या, पुढ्यात मायक्रोफोन आणि मागे भिंतीवरचं घड्याळ.

भावजींनी आपल्या माळ्याखालच्या सामानाच्या खोलीची फट न् फट गोणपाटाने बुजवली आणि टॉर्चवर बसच्या मागच्या दिव्याची लाल काच बांधली. धाकटी आंघोळीला गेली, गळ्याचं पाकीट तिने नेहमीसारखं खिडकीत काढून ठेवलं होतं. थोरलीने पत्र्याचा डबा उघडला, एक कागद काढला, त्यावर निगेटिव्ह ठेवली, वर काच दाबली. आता दिवा किती वेळ लावायचा? पूर्वी ती न मोजता सांगायची. पण कागद म्हातारा झाला होता, तिच्यासारखाच, त्याला चटकन दिसणार नव्हतं. आणि घरी रसायन नव्हतं. एक तुकडा बुडवून बघावा म्हटलं तरी ट्रे फक्त किरणकाकांकडे. म्हणजे उद्या बारा माणसांसमोर जे उमटेल तेच खरं. कागद सबंध काळा झाला, तर थोरलीने तोंड दाखवायलाही जागा उरणार नव्हती आणि धाकटी पुन्हा कधी मशीनकडे वळणार नव्हती.

तिने भावजींना दिवा लावायला सांगितलं, मनात सातापर्यंत मोजलं, आणि आठला थांबवलं. पाकिटातला कागद काढून हा घातला. न्हाणीघराची कडी वाजली तेव्हा पाकीट खिडकीत होतं.

शुक्रवारी सकाळी थोरली पुन्हा त्या जिन्यावर उभी राहिली. सगळे जरा सरकूनच बसले होते. किरणकाकांनी तिचं मनापासून स्वागत केलं, आज तुमचाही डाग लहान दिसेल म्हणाले. थोरली म्हणाली, आधी बहिणीचं होऊ द्या.

लाल दिवा, चेंडू आणि भिंत, कुजलेले किरण. सगळं पुन्हा झालं. थोरलीच्या गुडघ्यात कळ येत होती आणि ती या पायावरून त्या पायावर होत होती. अखेर त्यांनी धाकटीच्या गळ्याचं पाकीट सोडलं आणि कागद हातात घेतला. तो ट्रेत जाणार एवढ्यात थोरली बोलली.

"जरा थांबा. यातून काय निघणार ते मी आधीच सांगते. सगळ्यांनी ऐकून ठेवा. डाग निघणार नाही. एका मुलीचा फोटो निघेल. दोन वेण्या, समोर मायक्रोफोन, मागे भिंतीवर घड्याळ. घड्याळात पावणेअकरा वाजलेले असतील."

कुणीतरी हसलं. किरणकाकांचा हात हवेत थांबला होता. त्यांनी कागद खिशाकडे नेला, तसे धाकटीबरोबर आलेले भावजी मध्ये आले. अंगाने दांडगा माणूस, वाट अडवून उभे राहिले. कागद ट्रेमध्ये पडला.

दहा सेकंद झाले. वीस झाले. कागद पांढराच. थोरलीने स्वतःच पुढे होऊन ट्रेचा कोपरा उचलला, सोडला, उचलला, सोडला. चाळीस सेकंद. शिंपी जबड्यावरचा रुमाल सावरत पुढे वाकला. धाकटी बहिणीकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती.

मग दोन काळ्या रेघा आल्या. वेण्या. त्यांच्यामध्ये मायक्रोफोनची जाळी. कागद म्हातारा होता, सगळं धुरकट येत होतं, धुक्यातून गाडी यावी तसं. कपाळ आलं, हसू आलं, आणि सगळ्यात शेवटी मागचं गोल घड्याळ आणि त्याचे दोन काटे. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसून परत लावला आणि वर्गात वाचून दाखवावं तशा आवाजात वाचलं: पावणेअकरा.

किरणकाकांना मानायला हवं. ते म्हणाले, कधी कधी जुन्या आठवणीसुद्धा किरणांबरोबर बाहेर येतात.

"आणि काल गोणपाट लावून मीच ही आठवण आत घातली होती, तीही तुमच्याच किरणांनी घातली का?" थोरलीने विचारलं. "हा फोटोचा कागद आहे. ही तुमची शोषकजलं मी बत्तीस वर्षं कालवलीत. आता ज्याच्या-त्याच्या खिशात डाग आहेत ते काढा आणि उजवीकडे वर बघा."

कागद निघाले. भावजी एकेकापाशी जाऊन खाच दाखवू लागले. शिंप्याने गळ्यातली टेप काढून आपला आणि मुख्याध्यापिकाबाईंचा पहिला डाग मोजला. मग त्याने रुमालाची गाठ सोडली, पाकीट जबड्यावरून काढलं आणि टेबलावर ठेवलं, अगदी हळूच, जणू ते दुखेल. "एकाच हाताचा काप आहे," तो म्हणाला. "माझ्या दुकानात असं कापलं असतं तर गिऱ्हाइकाने कपडा तोंडावर मारला असता."

तेवढ्यात किरणकाका फोन घ्यायला म्हणून आतल्या दाराने गेले. ते परत आलेच नाहीत. खोलीत एकच गलबला उडाला. कुणी पडदा ओढायला धावलं, तेव्हा थोरली एवढंच ओरडली, की अजून दोन मिनिटं उजेड करू नका. तिने फोटो चिमट्याने उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये सोडला होता आणि ती तिथेच उभी होती.

धाकटी तिच्याजवळ आली. कितीतरी वेळ त्या ट्रेमधल्या मुलीकडे बघत राहिली. "हे अजून कशाला, ताई? उमटला की."

"उमटलं म्हणजे झालं नाही, बाळे. पक्कं व्हायला लागतं, नाहीतर उजेडात गेल्यावर काळवंडून जातं. तुझ्या गाठीचं तेच झालंय. किरणांनी काम केलंय, पण मधल्या भागात ते कच्चं राहिलंय. ते पक्कं करायचं सोडून आपण बारा दिवस मध्येच उठून आलो."

डॉक्टरीणबाईंनी कार्डावर काढलेला गोल तिने ओल्या बोटाने टेबलावर काढला आणि जेवढं समजलं होतं तेवढं सगळं सांगितलं. गाठ नक्की जाईल असं ती म्हणाली नाही. खात्री कुणीच दिलेली नाही, हेही सांगितलं. धाकटीने विचारलं, किती वाजता. थोरली म्हणाली, अडीचला.

धाकटीने खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत एक गाडी उशिरा सुटलेली तिला खपली नव्हती. तिने पदरातून हात बाहेर काढला आणि बहिणीच्या दंडात अडकवला.

"मग चला," ती म्हणाली, आहे त्या आवाजात. "प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात."

राहिलेले शेक झाले. घसा पुन्हा सोलवटला, नळीने अन्न द्यावं लागलं, दोनदा धाकटीने पुरे म्हटलं आणि दोनदा दुसऱ्या दिवशी स्वतःच चप्पल घातली. तीन महिन्यांनी तपासणी झाली. गाठीच्या जागी एक जाडसर वण उरला होता. त्याच्यावर डॉक्टरीणबाई अजूनही लक्ष ठेवून असतात. आवाज परत आला तो जुन्या ब्रेकसारखा घासत, पण आला. शिंप्याची गाठ मात्र खरोखरच किरणांना पुरेशी दाद देणारी नव्हती. त्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि ते वेळेत झालं. मुख्याध्यापिकाबाईंना उशीर झाला होता. त्या गेल्यावर त्यांचा मिरीएवढा डाग त्यांच्या वहीत सापडला, तारीख घालून जपलेला. त्या दिवसापासून थोरली किरणकाकांची गोष्ट सांगताना हसत नाही.

ती गोष्ट ती अजूनही सांगते, दवाखान्याच्या त्याच बाकावर, आठवड्यातून दोन दिवस. आजार चिवट असतो तेव्हा त्याला कारणं असतात, ती विचारा, म्हणते. डॉक्टर घाईत असले तर वाट अडवून विचारा, समजलं नाही तर पुन्हा विचारा, आणि त्यांना माहीत नसेल तर माहीत नाही हे उत्तरही घरी घेऊन या, ते खोट्या खात्रीपेक्षा जड नाही. पण विचारत असताना उपचारात एक दिवसही खंड पाडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवतो म्हणाला तर बघायला जरूर जा, डोळे आणि नाक उघडं ठेवून जा.

फक्त कागद आपल्या घरचा न्या.